लांबगावात तळं आहे का?

परवा भाचीच्या नवऱ्याचा फोन आला. पोरगा घायकुतीला आला होता. "मावशी, त्या कॅनडाच्या प्रांतानं पुन्हा नियम बदलले! माझा व्यवसाय यादीतून काढून टाकला आणि आता म्हणतात, गावानं शिफारस केली तरच अर्ज घेऊ. तुम्ही याच धंद्यात होतात ना? काय करायचं आता?" मी हसत सुटले. त्याला वाटलं म्हातारीला नीट ऐकू आलं नाही, म्हणून बिचाऱ्याने सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. मी पुन्हा हसले. 'नियम बदलले' एवढं ऐकलं की माझ्या अंगात अजूनही वारं भरतं, हे त्याला कसं सांगणार? माझी सगळी नोकरी त्या दोन शब्दांवर चालली.

ती नोकरी लागली कुवेतमध्ये, आणि तीही एका वाण्याच्या दुकानात. नव्वदच्या दशकात, इराकच्या आक्रमणानंतर तो देश पुन्हा उभा राहत होता तेव्हा माझा नवरा विनायक तिथल्या पाण्याच्या प्लांटवर इंजिनिअर म्हणून रुजू झाला. अबू हलीफाला समुद्राजवळ आम्ही भाड्याने फ्लॅट घेतला. दोन वर्षांसाठी. कुवेतला कोणीच दोन वर्षांहून जास्त दिवसांसाठी येत नाही. केस तिथे पांढरे होतात ही गोष्ट वेगळी. मी घरी बसून समुद्र बघायचे. पण समुद्र तरी किती बघणार? एकदा खालच्या बकाल्यात, म्हणजे वाणसामानाच्या दुकानात, मी तूरडाळ घेत होते आणि शेजारी एक पांढऱ्या शर्टातले, अत्तर लावलेले गृहस्थ एका घाबरलेल्या सुताराला कुठलंसं इंग्रजी पत्र समजावून देत होते. सगळं चुकीचं सांगत होते. मला राहवेना. मी म्हटलं, "अहो, नकार नाहीये तो. आणखी एक दाखला मागितलाय." सुताराने माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. गृहस्थांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बाई, उद्यापासून येतांव काय माझ्याकडं कामाला?"

हे हमीदभाई. रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठचे. विमानाची तिकिटं आणि व्हिसाचे शिक्के इथून सुरुवात करून त्यांनी फहाहीलला, एका शवर्माच्या दुकानावर, स्थलांतराच्या सल्ल्याचं ऑफिस थाटलं होतं. मी शुद्ध शाकाहारी बाई, कित्येक वर्षं त्या शवर्माच्या वासात बसून लोकांना कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाला धाडत आले.

धंदा काय, ते थोडक्यात सांगते. परदेशात कायमचं जायचं तर राजधानीचं मोठं दार असतं. तिथे शिक्षण, इंग्रजी, वय यांचे गुण मोजतात आणि रांग मरणाची. पण त्या देशांत काही प्रांत असे असतात, की तिथे कारखाने आहेत, शेतं आहेत, शाळा आहेत, नाहीत ती माणसं. थंडी तरी असते किंवा एकटेपणा तरी. असा प्रांत राजधानीला म्हणतो, की हा वेल्डर आम्हाला हवाय, याला आत घ्या. प्रांताने असं हाताला धरून माणसाला आत नेणं म्हणजे नामांकन. पदवी नसलेल्या हुशार कारागिराला हेच एक दार उघडं असायचं. आणि ते दार दर काही महिन्यांनी जागा बदलायचं. आज सुतार हवेत, उद्या नकोत, परवा फक्त बायको शिकलेली असलेले सुतार हवेत. ते नव्याने कुठे उघडलंय ते शोधून गिऱ्हाइकाला वेळेत तिथे उभं करणं हे माझं काम. मला ते भारी आवडायचं. फॅक्सचं यंत्र खरखरलं की मी खुर्चीतून उठायचे, आणि हमीदभाई म्हणायचे, "आयला बघा बाईंचा वऱ्हाड."

एकदा असाच फॅक्स आला. एका प्रांताला वराहपालनाच्या शेतांवर अनुभवी माणसं तातडीने हवी होती. हमीदभाईंनी तो कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"बाई, ह्या तुमच्या खात्यातला."

"माझ्या खात्यातला कसा? मी कांदासुद्धा चातुर्मासात खात नाही."

आम्ही दोघे त्या कागदाकडे बघत बसलो. अखेर हमीदभाईंच्या अंगातला धंदेवाला जागा झाला. त्यांनी फहाहीलच्या चर्चबाहेर एका गोवेकराच्या कानावर ही बातमी घातली, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत रांग. पहिलाच गडी एका हॉटेलातला आचारी. मी विचारलं, "डुकरांचा अनुभव आहे?" तो छाती फुगवून म्हणाला, "खूप!" "पाळायचा?" तो जरा घुटमळला. म्हणाला, "पाळायचा न्हय, बाय. त्याच्या फुडचा."

दुसरं गिऱ्हाईक सालमियाचे एक मॅनेजर साहेब. त्यांना नामांकन हवं होतं, पण नामांकन देणारा प्रांत नको होता. "ते गाव टोरांटोपासून किती लांब?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गाडीने दोन दिवस तरी. "म्हणजे वीकेंडला जाता येईल?" त्यांच्या पत्नीने तर नकाशावर बोट ठेवून मला सरळच विचारलं होतं, की इथे सोन्याचं दुकान कुठे आहे. मी म्हटलं, बाई, तिथे दुकानच एक आहे. त्या उठल्या, पर्स घेतली आणि साहेबांसकट निघून गेल्या. ते दोघं पुढे कुवेतमध्येच सुखाने राहिले.

अशीच मजेमजेत वर्षं गेली आणि दोन हजार सालानंतर कधीतरी दत्ताराम भुवड जिना चढून वर आला.

दत्ताराम गुहागरकडचा. सुलैबियाच्या एका वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम करायचा. कुवेतमध्ये एसीचा थंडगार वारा घराघरात, दुकानादुकानात ज्या पत्र्याच्या बोगद्यांतून फिरतो, ते डक्ट बनवणारा कारागीर. उंची बेताची, हाताच्या बोटांवर पत्र्याच्या जुन्या कापांच्या रेघा, आणि डोळ्यांत सतत एक मिस्कील भाव. राहायला जहराला, सहा-सातजणांच्या खोलीत. कुवेतच्या भाषेत तो 'बॅचलर'. म्हणजे लग्न होऊन पोर शाळेत जात असली तरी बायकोला आणण्याइतका पगार नसला की माणूस तिथे बॅचलरच. बायको सुगंधा आणि मुलगी गावाला. दर दोन वर्षांनी रजा मिळायची तेव्हा तो जायचा, आणि घरात कुठली वस्तू कुठे ठेवली आहे हे कळायला लागेपर्यंत परतीची तारीख यायची.

"वैनी," तो मला म्हणाला, "माजं लगीन झालं त्याला इतकी सालं झाली, पन सुगंधाचं न् माजं अजून एकदा पन धड भांडान झालेलं नाय. भांडायला टायमच भेटत नाय. रजेत कोन भांडतंय? मना कायतरी असा व्हिसा द्या, की आमी दोगां एका घरात राहू न् रोज भांडू."

मी खूप अर्जदार पाहिले होते. पगार, शाळा, पासपोर्ट, म्हातारपण, काय काय कारणं सांगायचे लोक. भांडण्यासाठी स्थलांतर करणारा हा पहिलाच. मी त्याच दिवशी ठरवलं, याला पाठवायचाच.

आणि योगही जुळून आला. कॅनडाच्या मधल्या सपाट मुलखातल्या एका गावात पत्र्याचा कारखाना होता. गावाचं खरं नाव राहू दे, आम्ही ऑफिसात त्याला 'लांबगाव' म्हणायचो. तिथेही डक्टच बनवायचे, फक्त त्यांतून गरम हवा सोडायचे. कारखान्याचे मालक पीटसाहेब आणि गावच्या कौन्सिलवरच्या हिल्डाबाई आठवडाभरासाठी कुवेतला येणार होते, माणसं निवडायला. कारखान्याने नोकरी देऊ केली की प्रांताचं नामांकन ठरलेलं. आम्ही निवांत होतो.

ते यायच्या आठवडाभर आधी फॅक्स खरखरला. नियम बदलले! लांबगावला पूर्वी अनेक माणसं यायची, नामांकन घ्यायची आणि पहिल्या बर्फाला मोठ्या शहरात पळून जायची. गाव वैतागलं होतं. प्रांताने आता जागा कमी केल्या आणि नोकरीच्या जोडीला नवी अट घातली: हा माणूस खरोखर गावात कायमचा राहील अशी गावच्या प्रतिनिधीची खात्री पटली पाहिजे. म्हणजे हिल्डाबाईंची. पीटसाहेबांना कितीही आवडला तरी हिल्डाबाई नाही म्हणाल्या की संपलं.

हमीदभाईंनी कपाळाला हात लावला. "कुवेतच्या मानसाला इचारनार, की कायमचा राहाशील काय? अल्ला!"

हीच तर गोम होती. आखातातल्या माणसाला सगळं विचारा, हे विचारू नका. तिथे दर काही काळाने इकामा, म्हणजे राहायचा परवाना, नवा करायचा असतो. कफीलची, म्हणजे तो परवाना ज्याच्या नावावर मिळतो त्या मालकाची, मर्जी फिरली की चंबूगबाळं आवरायचं. 'किती दिवस आहात?' याला प्रत्येकाचं एकच उत्तर, 'अजून दोन वर्षं, मग बघू.' ते उत्तर डोक्यातून येतच नाही, गुडघ्यावर टिचकी मारली की पाय उडतो तसं बाहेर पडतं.

मी उमेदवारांचा वर्गच घेतला. ऑफिसात खुर्च्या मांडून मी हिल्डाबाई व्हायचे.

"दत्ताराम, आमच्या गावात किती वर्षं राहणार?"

"दोन वर्सं, म्याडम."

"दत्ताराम!"

"चुकलं, वैनी. परमनंट."

"पुन्हा. किती वर्षं राहणार?"

"दोन... परमनंट."

"ते मधलं 'दोन' गाळ!"

हमीदभाई मागे टेबलावर डोकं ठेवून हसायचे. मी चिडायचे आणि मग मलाच हसू फुटायचं. बाकीच्यांना मी पाठ करायला उत्तरं दिली: तुमचं गाव शांत आहे, हवा शुद्ध आहे, शाळा चांगल्या आहेत. आणि शेवटी 'काही विचारायचंय का?' असं विचारलं की 'नो, थँक यू' म्हणून उठायचं. कारण आमच्या माणसांना प्रश्न विचारू दिला की ते हमखास रजेचं विचारतात.

पीटसाहेब आणि हिल्डाबाई आले. तो मोसम कुवेतचा लाडाचा, वाळवंटात तंबू पडलेले, हवेत गारवा. हिल्डाबाई मात्र बिनबाह्यांच्या पोलक्यात घाम पुसत होत्या. उंच, लालबुंद, आणि हात असे की चार पोती सहज उचलतील. पीटसाहेब अबोल. हमीदभाईंच्या मेहुण्याचं सुलैबियाला वर्कशॉप होतं, तिथे त्यांनी एकेकाचं काम पाहिलं. दत्तारामने डक्टचं एक मोठं वळण बनवलं. पीटसाहेबांनी त्याच्या जोडावरून अंगठा फिरवला, मग गुडघे टेकले आणि कोटासकट त्यात रांगत शिरले. पलीकडच्या तोंडातून डोकं बाहेर काढून म्हणाले, "हा मला पाहिजे." कोटाची बाही पांढरी झाली होती, पण गडी खूश.

राहिल्या हिल्डाबाई. त्यांच्या मुलाखती फहाहीलच्या एका हॉटेलात होत्या आणि ज्यांचं इंग्रजी कच्चं त्यांच्यासाठी दुभाषी म्हणून मी. पहिल्या उमेदवाराने शांतता, शुद्ध हवा आणि चांगल्या शाळा सांगितल्या. हिल्डाबाई प्रसन्न. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. चौथ्याने मी शिकवलेला माझा उच्चारसुद्धा जसाच्या तसा काढला. एका अविवाहित प्लंबरने चांगल्या शाळा कोणासाठी असं विचारल्यावर घाबरून 'माझ्या आईसाठी' म्हटलं. चहाच्या सुट्टीत हिल्डाबाई माझ्याकडे वळल्या. "कुवेतमध्ये सगळ्यांना छातीचा विकार आहे का? जो तो शुद्ध हवा मागतोय." मी बिस्किटात तोंड खुपसलं.

चहानंतर दत्ताराम आला. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, दोन्ही हात मांडीवर. हिल्डाबाईंनी कामाबद्दल दोन प्रश्न विचारले, आणि मग तो प्रश्न आला. मी मराठीत सांगायच्या आतच त्याला तो कळला. आठवडाभर तोच तर घोकत होता.

"टू इयर्स, म्याडम."

दत्तारामचा चेहरा चुन्यासारखा झाला. 'परमनंट' म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण जिभेवर पुन्हा 'टू'च आलं, तसं त्याने ते मिटून घेतलं. पीटसाहेब कासावीस होऊन खिडकीबाहेर पाहू लागले. हिल्डाबाईंनी पेनला टोपण लावलं. "प्रामाणिकपणाबद्दल आभार," त्या म्हणाल्या, आणि केवळ रीत म्हणून पुढे विचारलं, "तुला काही विचारायचंय?"

मी डोळ्यांनी खुणावलं, नको, ऊठ. पण दत्तारामला आता कसली भीती? जे जायचं ते गेलं होतं. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वैनी, म्याडमना इचारा, तिकडं तळं हाय काय?"

"तळं? कशाला?"

"इचारा तरी. न् भादव्यात पानी असतंय, का बरफ?"

मला वाटलं याचं डोकं फिरलं. पण दुभाष्याला मधलं गाळायची मुभा नसते. मी विचारलं. हिल्डाबाईंच्या भुवया वर गेल्या. "तळं आहे. मोठं आहे. पण त्याला कशाला हवंय?"

"गनपतीला," दत्ताराम म्हणाला. आणि मग तो सुटलाच. मी मागून धापा टाकत इंग्रजी करत होते. गावाला गणपती मोठ्या भावाच्या घरी येतो. सुगंधा म्हणते, आपलं घर, आपली चूल झाली की आपला गणपती वेगळा आणायचा. लांबगावात घर होईल तर तिथे आणावा लागेल. आणायचा तर बोळवायला तळं पाहिजे.

"इथे कुवेतमध्ये आणतोस का?" हिल्डाबाईंनी विचारलं.

मी प्रश्न मराठीत सांगितला, आणि दत्तारामने असं तोंड केलं की जणू मी भलतंच काहीतरी बोलले.

"हितं? नाय वो वैनी. हितं कुटुंबवाले आनतात, बादलीत बोळवतात, त्यांचं ते बघतील. गनपती एकदा आनला का दरसाल आनायला लागतो. मधीच सोडता येत नाय. एका वर्सी आनला न् दुसऱ्या वर्सी कफीलनं हाकलला, तर देवाला काय सांगू? म्हनून मी हितं इतक्या वर्सांत फोटोला पन हार घातला नाय."

हे मी इंग्रजीत सांगत होते आणि सांगता सांगता माझ्या अंगावर काटा आला. काय बोलला हा माणूस! मी आठवडाभर त्याच्या तोंडात 'परमनंट' कोंबत होते आणि हा तळ्याची चौकशी करत होता. जिथे कायमचं राहायचं नाही तिथे त्याने देवाला येऊ दिलं नव्हतं, आणि लांबगाव नकाशावर पाहिल्याबरोबर तो विसर्जनाचं पाणी शोधायला लागला होता. मी माझ्याकडून शेवटी एक वाक्य जोडलं. दुभाष्याने जोडू नये, पण जोडलं. म्हटलं, "बाई, हा तुमच्याकडे येऊन दरवर्षी परत जाणार नाही. दरवर्षी देवालाच तिकडे बोलावणार आहे."

हिल्डाबाईंनी पेन पुन्हा हातात घेतलं. मग म्हणाल्या, "मग ती दोन वर्षं?"

मी मराठीत विचारलं. दत्ताराम पहिल्यांदाच हसला. "ती काय, तोंडाची सवय. दोन वर्सं आमी सगळेच बोलतो. पन गनपतीचं मी कंदी कुनाला बोललो नव्हतो."

"पाणी नोव्हेंबरात गोठतं," हिल्डाबाई म्हणाल्या. "तुमचा देव कधी जातो?"

"ऑगस्ट, नाहीतर सप्टेंबर," मी म्हटलं.

"मग जमेल." त्यांनी पेनचं टोपण काढलं. "सकाळपासून सगळे मला हवा सांगतायत. आमच्या गावात काय आहे, हे यानं एकट्यानं विचारलं." इतका वेळ गप्प असलेल्या पीटसाहेबांनी घसा खाकरला आणि गंभीरपणे विचारलं, "देवाचं वजन किती असतं? माझ्या ट्रकमध्ये मावेल ना?"

त्या दिवशी मी घरी गेले ती उडतच. विनायकला सगळं नकलांसकट करून दाखवलं. दोघे हसून हसून दमलो. मग मी सहज म्हटलं, "आपण का नाही रे इथे कधी गणपती आणला?" तो म्हणाला, "अगं, आपण दोनच वर्षांसाठी तर आलो होतो." यावरही आम्ही हसलो, पण ते हसू फार टिकलं नाही. त्या फ्लॅटमध्ये तोवर आमची उमेदीची वर्षं सरली होती आणि आम्ही भिंतीला धड एक खिळा ठोकला नव्हता. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

नामांकन आलं, मग व्हिसा आला. दत्तारामला ऑफिसात बोलावून बातमी सांगितली आणि तिथूनच त्याच्या गावी शेजाऱ्यांकडे फोन लावून दिला. सुगंधाला हाक मारून आणेपर्यंत हा फोनच्या वायरीला पीळ घालत उभा. ती आली. त्याने सांगितलं, तुझा न् पोरीचा व्हिसा झाला. पलीकडून तिने काय विचारलं ते मला त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्याने रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. "वैनी, ती इचारते, किती वर्सांसाटी. तुमी सांगा. माज्या तोंडातनं भलतंच जाईल."

मी म्हटलं, "सुगंधा, कायमचं ग. तिघांनी एकत्र."

पलीकडून बारीक आवाज आला, "मंग माज्या कोंबड्या मी कुनाला देव?" आणि ती रडायलाच लागली. इकडे दत्ताराम भिंतीकडे तोंड करून हसत होता की रडत होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक. हमीदभाईंनी सगळ्या जिन्याला चहा पाजला.

पुढे आमचा धंदा मंदावला. नियम इंटरनेटवर दिसायला लागले, लोक आपले आपण अर्ज भरायला लागले, फॅक्सच्या यंत्रावर धूळ बसली. तक्रार नाही माझी. पण दाराशी बसलेल्या माणसाला 'तुला खरं काय पाहिजे?' हे स्क्रीन विचारत नाही, एवढं खरं.

दत्ताराम गेल्यानंतरच्या दुसऱ्या भाद्रपदात मी आणि हमीदभाईंनी ऑफिसातून लांबगावला फोन लावला, स्पीकरवर. पहिल्यांदा मुलीने उचलला. "हू इज धिस?" असं तिने अस्सल कॅनडाच्या सुरात विचारलं आणि मग "पप्पा, सम वैनी!" म्हणून ओरडली. मागे झांजांचा आवाज होता. दत्ताराम धावत आला. बातम्या नुसत्या उसळत होत्या त्याच्या तोंडातून. मखर डक्टच्या पत्र्याचं, कारखान्यात केलेलं. मूर्ती सुगंधाने तळ्याकाठच्या मातीची घडवली. पोट छान झालं, पण तोंड जरा पीटसाहेबांवर गेलं. गेल्या वर्षी विसर्जनाला पीटसाहेबांचा ट्रक, आणि मागून अर्धं गाव चालत. हिल्डाबाई सगळ्यांत पुढे, 'मोरया' म्हणत.

"वैनी, 'पुढच्या वर्षी लवकर या'चा मीनिंग इचारला त्यांनी. मी सांगितला. तर मना म्हनतात कशा, फार लवकर नको बोलवू, मे म्हयन्यापरयंत तळ्यावर बरफ असतो!"

हमीदभाई खुर्चीतच उड्या मारायला लागले. आमच्या ऑफिसात इतकं हसू बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. मला जुनी खोड काढायची लहर आली. मी आवाज जड केला, हिल्डाबाई झाले आणि इंग्रजीत विचारलं, "दत्ताराम, आमच्या गावात अजून किती वर्षं राहणार?"

"दोन वर्सं, म्याडम!"

बोलून गेला आणि बहुतेक जीभ चावली. तेवढ्यात मागून सुगंधा कडाडली. कापूर आणलात काय, सांगितलं तिथे का ठेवला नाही, आरती खोळंबली, फोनवर काय बसलात. दत्ताराम तिला उलट काहीतरी बोलला, ती त्याहून मोठ्याने बोलली, आणि झांजा थांबल्या. चांगलं खणखणीत भांडण चाललं होतं. आम्ही दोघे कान लावून ऐकत राहिलो. मग तिनेच फोन हातात घेतला.

"वैनी, यांचं काय मनावर घेव नका," ती म्हणाली. "यांची दोन वर्सं म्हंजे मरंपरयंत."